अम्मीला स्तनाचा कॅन्सर झाला तर: तिच्यापासून लपवू नका, तिच्यासोबत उभे राहा

घरात कुणाला साधा ताप आला तरी अम्मी रात्रभर उशाशी बसते. पण स्वतःच्या छातीत गाठ हाताला लागली, तर ती कुणाला सांगत नाही. मुलाशी बोलायची लाज वाटते, मुलीचं लग्न तोंडावर आलेलं असतं, अब्बांना दुकानाचा व्याप असतो. ‘दुखत तर नाही ना, मग जाईल आपोआप’ असं म्हणता म्हणता चार-सहा महिने निघून जातात. खरी अडचण इथेच आहे. स्तनाच्या कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही.

भारतातल्या बायकांमध्ये सर्वात जास्त आढळणारा कॅन्सर हाच आहे. २०२२ या एका वर्षात देशात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना तो झाल्याचा जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेचा अंदाज आहे. त्यामुळे आपल्या मोहल्ल्यात, आपल्या खानदानात तो येणारच नाही, असं धरून चालणार नाही. लवकर पकडला तर तो बरा होण्याची शक्यता चांगली असते. आणि उपचार पूर्ण होणार की अर्धवट सुटणार, हे बऱ्याच अंशी घरच्यांवर अवलंबून असतं. म्हणून मुलगा, मुलगी, सून या नात्याने आपण नेमकं काय करायचं, ते इथे क्रमाने पाहू.

गाठ लागली तर वाट पाहू नका

छातीत किंवा काखेत गाठ, स्तनाच्या आकारात बदल, कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसणं, निप्पल आत ओढलं जाणं, त्यातून रक्त किंवा पाणी येणं, यातलं काहीही दिसलं तर डॉक्टरांकडे जायचं. प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते, बऱ्याच गाठी साध्या असतात. पण ती साधी आहे हे तपासणीने ठरतं, अंदाजाने नाही.

तपासणी तीन टप्प्यांत होते. आधी डॉक्टर हाताने तपासतात. मग मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी. संशय वाटला तर बायोप्सी, म्हणजे सुईने गाठीचा बारीक तुकडा काढून तपासणं. ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. ते खरं नाही. बायोप्सीशिवाय आजार पक्का होत नाही आणि कोणतं औषध लागेल तेही कळत नाही.

अम्मीला पुरुष डॉक्टरांचा संकोच वाटत असेल तर त्यात गैर काही नाही. नाव नोंदवतानाच महिला डॉक्टर आहेत का, असं विचारा. नसतील तर तपासणीच्या वेळी नर्स आणि घरातली बाई सोबत थांबू शकते. गरज असेल तर पुरुष डॉक्टरांकडून तपासून घ्यायला शरियतमध्येही मुभा आहे. शरमेपायी तारीख मात्र पुढे ढकलू नका.

मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलने दीड लाखांवर बायकांचा २० वर्षं अभ्यास केला. त्यातल्या एका गटाची प्रशिक्षण दिलेल्या महिला आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासणी करत. या गटात ५० वर्षांवरच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. तपासणारी बाईच होती आणि मोठं मशीनही लागलं नाही. आपल्या वस्तीत, मदरशाच्या किंवा जमातीच्या हॉलमध्ये बायकांसाठी असं शिबिर घेणं काही अवघड नाही.

रिपोर्ट आला. अम्मीला सांगायचं का?

बहुतेक घरांत इथेच पहिली चूक होते. मोठा भाऊ डॉक्टरांना बाजूला घेऊन म्हणतो, ‘अम्मीला काही सांगू नका, ती खचून जाईल.’ हेतू चांगला असतो. पण पुढे काय होतं? अम्मीला कॅन्सरच्या हॉस्पिटलात नेलं जातं, दाराबाहेरची पाटी ती वाचते, रांगेतल्या बायकांशी बोलते. तिला सगळं कळतं. फक्त आता तिला कुणाला काही विचारता येत नाही, कारण घरात सगळे नाटक करत असतात. मग मनातली भीती ती एकटीच सोसते. शिवाय केस का गळतात, उलट्या का होतात, हेच माहीत नसलेला माणूस उपचार मध्येच सोडून देण्याची भीती असते.

म्हणून आमचं म्हणणं स्पष्ट आहे. अम्मीला सांगा. शरीर तिचं आहे, सहीही तिचीच लागणार आहे. सगळं एका दमात सांगायची गरज नाही. घरातल्या ज्याच्याशी ती मोकळेपणी बोलते, त्याने शांत वेळी जवळ बसून सांगावं. ‘अम्मी, तपासणीत कॅन्सर निघाला आहे. उपचार आहेत. प्रत्येक वेळी आमच्यापैकी एक जण तुमच्यासोबत असेल.’ एवढं बोलून थांबा. ती रडली तर रडू द्या. ‘रडू नका, सबर करा’ असं लगेच म्हणू नका. रडणं सबरच्या विरुद्ध नाही.

आपल्या काही घरांत आणखी एक गोष्ट ऐकू येते, की आजार म्हणजे कुठल्या तरी गुन्ह्याची सजा. आजारी बाईच्या कानावर हे पडता कामा नये. भेटायला येणारी एखादी खाला किंवा शेजारीण असं बोलली, तर अदबीने पण ठामपणे थांबवा.

फाइल एकाच्या हातात, कामं सगळ्यांच्या

घरातल्या एकानेच फाइल सांभाळावी. त्यात बायोप्सीचा रिपोर्ट, स्कॅन, रक्ताच्या तपासण्या, औषधांच्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावाव्यात. डॉक्टरांकडे जाताना प्रश्न वहीत लिहून न्यावेत. स्टेज कोणती? इआर, पीआर आणि हर-२ या तपासण्यांचे निकाल काय आले? आधी ऑपरेशन की आधी केमो? एकूण किती महिने आणि किती खर्च? इआर, पीआर, हर-२ या तपासण्यांवरूनच हार्मोनची गोळी लागेल का, हर-२ वरचं खास इंजेक्शन लागेल का, हे ठरतं. त्यामुळे त्यांचा खर्च वाचवू नका.

ऑपरेशनबद्दल एक गोष्ट अम्मीला नक्की सांगा. पूर्ण स्तन काढणं हा प्रत्येक वेळी एकच मार्ग नसतो. गाठ लहान असेल तर फक्त गाठ आणि आजूबाजूचा थोडा भाग काढून नंतर रेडिएशन देता येतं. योग्य रुग्णांमध्ये दोन्ही मार्गांनी आयुष्य सारखंच मिळतं, हे मोठ्या अभ्यासांत दिसलं आहे. निवड डॉक्टर आणि अम्मी मिळून करतील. ‘आता या वयात काय करायचंय’ असं म्हणून मुलांनी परस्पर ठरवू नये.

ऑपरेशननंतर काही दिवस नळी आणि बाटली लावून घरी पाठवतात. बाटलीतलं पाणी रोज मोजून लिहायचं असतं. हे काम मुलगी किंवा सून करेल. पण सगळं त्यांच्यावरच टाकू नका. हॉस्पिटलची रांग, औषधं, पैशांची कागदपत्रं, भाजी, मुलांची शाळा हे मुलांनी आणि अब्बांनी उचलावं. अम्मी अंथरुणावर असताना सुनेने आजारपणही काढायचं आणि दोन वेळचा स्वयंपाकही एकटीने करायचा, हा इन्साफ नाही. हात आखडू नये म्हणून डॉक्टर व्यायाम सांगतात. तो अम्मीकडून रोज करून घ्या, नातवंडांना सोबत घेतलं तर ती कंटाळत नाही.

केमोच्या दिवसांत

केमो औषधाप्रमाणे दर आठवड्याला, दोन आठवड्यांनी किंवा तीन आठवड्यांनी दिली जाते. पहिल्या डोसनंतर साधारण दोन-तीन आठवड्यांत केस गळू लागतात. ओढणीखाली कुणाला दिसत नाही, पण अम्मीला उशीवर दिसतं. आधीच केस बारीक कापून घेतले तर धक्का कमी बसतो. एका औषधाचा रंग लालभडक असतो, त्यानंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. ते रक्त नाही, घाबरू नका.

घाबरायचं ते तापाला. केमो चालू असताना शरीराची लढण्याची ताकद कमी होते. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त आला, तर क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहू नका. रात्र असली तरी हॉस्पिटलला फोन करा आणि निघा. थर्मामीटर घरात हवाच. सर्दी-खोकला असलेल्या पाहुण्यांना नम्रपणे दारातूनच परत पाठवा, इयादतीचं सवाब फोनवरूनही मिळतं.

जेवण घरचं, ताजं आणि नीट शिजलेलं असावं. अंडी, डाळ, मासे, यखनी, जे पोटाला झेपेल ते थोडं थोडं द्या. बाहेरचं सरबत आणि उघड्यावरची कापलेली फळं टाळा. कलौंजी आणि मध जेवणात असतात तेवढे असणं वेगळं आणि केमो सोडून त्यांच्यावर विसंबणं वेगळं. काढे, पावडर, हकीमाची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना सांगा. दुआ करा, दमही करा, पण दवा सोडू नका. इलाज करून घेणं सुन्नतच आहे.

रमजान आला तर अम्मी रोजाचा हट्ट धरेल. आजारी माणसाला रोजा पुढे ढकलायची मुभा कुरआनमध्येच आहे. कजा करायचा की फिदया द्यायचा, हे मौलाना साहेबांना विचारून घ्या आणि शक्य तर त्यांच्याच तोंडून अम्मीला ऐकवा. नमाज बसून किंवा झोपून पढता येते, पाण्याने नुकसान होणार असेल तर तयम्मुम आहे. अम्मी इद्दतमध्ये असली तरी इलाजासाठी बाहेर जाता येतं.

रेडिएशन साधारण तीन ते पाच आठवडे, आठवड्यातून पाच दिवस असतं. बाहेरून किरण दिल्यावर अम्मीच्या अंगातून दुसऱ्याला काही लागत नाही. नातवंडांना तिच्या कुशीत जाऊ द्या.

पैशांची सोय

दागिने विकायच्या आधी चौकशी करा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटा. राज्यातल्या मोठ्या धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवा विभागात अर्ज करा. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला आणि सोबतच्या एकाला तिकिटात सवलत आहे. गावाहून टाटाला येणाऱ्यांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत मुक्कामाची सोय होऊ शकते. गरीब, हकदार रुग्णाच्या इलाजासाठी जकातही देता येते. जमातीने याची वेगळी नोंद ठेवली तर कुणाला हात पसरावा लागणार नाही.

उपचार संपल्यावर

केमो, रेडिएशन संपलं की घरचे सुटकेचा श्वास टाकतात. पण अनेकींना हार्मोनची गोळी ५ ते १० वर्षं घ्यायची असते. सांधे दुखतात, गरम वाफा येतात, म्हणून ती गुपचूप बंद केली जाते. त्रास डॉक्टरांना सांगा, औषध बदलता येतं. स्वतःहून बंद करू नका.

मुली आणि बहिणींनीही स्वतःची तपासणी करून घ्यावी. घरात एकापेक्षा जास्त बायकांना, किंवा कमी वयात हा आजार झाला असेल, तर जीन तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा. बहुतेक स्तनाचे कॅन्सर आनुवंशिक नसतात. त्यामुळे या कारणावरून मुलीचं स्थळ मोडणं हा सरळ जुलूम आहे.

हे वाचून झालं की अम्मीजवळ बसा आणि विचारा, ‘अम्मी, तुम्हाला कुठे काही गाठ वगैरे जाणवते का?’ मुलाला जमत नसेल तर मुलीने विचारावं, सुनेने विचारावं. अम्मी आधी ओरडेल, विषय बदलेल. दोन दिवसांनी परत विचारा.