आपला पोट्टा, बाहेरचा पाहुणा

रणजी करंडकाचा अंतिम सामना आटोपतो तेव्हा वऱ्हाडात ऊन तापायला लागलेलं असतं. पुढचा हंगाम थेट ऑक्टोबरात. मधल्या सहा-सात महिन्यांत विदर्भाच्या संघाला फारसं काम नसतं. पण अमरावतीच्या राजकमल चौकात गिला वडा खाताना किंवा अकोल्याच्या टॉवर चौकात चहा घेताना क्रिकेटवरची खरी भांडणं याच दिवसांत रंगतात. सामना चालू असला की माणूस धावफलक बघतो. सामना नसला की संघ कसा बांधायला पाहिजे होता, ते सांगत बसतो.

2025 च्या उन्हाळ्यात या भांडणांना भरपूर सरपण मिळालं. विदर्भानं मार्चमध्ये तिसऱ्यांदा रणजी जिंकली, आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत करुण नायर कर्नाटकात परत गेला आणि अमरावतीचा जितेश शर्मा बडोद्याकडे गेला. एक बाजू म्हणते, “आपल्या पोट्ट्याइले पाण्याच्या बाटल्या अन् बाहेरच्याले ब्याट, मंग पोट्टे जाईन नाही तं काय?” दुसरी बाजू म्हणते, “गेला तं गेला बाप्पा, ट्रॉफी कोणामुळं आली थे सांग आधी.” दोन्ही बाजूंचा आवाज मोठा असतो. पण खेळाडू एका संघातून दुसऱ्या संघात जातो म्हणजे नेमकं काय होतं, हे बहुतेकांना अर्धवटच ठाऊक असतं.

आपल्याकडचा खेळाडू एका हंगामात एकाच राज्य संघटनेचा असतो. दुसरीकडे जायचं तर त्यानं जुन्या संघटनेकडून ना हरकत प्रमाणपत्र घ्यायचं. फुटबॉलसारखी इथं एका संघानं दुसऱ्याला किंमत मोजायची पद्धत नाही. खेळाडू गेला की जुन्या संघटनेच्या हाती काही उरत नाही. तरी हे पत्र बहुधा मिळतंच, कारण मन दुसरीकडे लागलेल्या माणसाला बांधून ठेवून कुणाचंच भलं होत नाही. 2025 सालीच यशस्वी जैस्वालनं गोव्याकडून खेळण्यासाठी मुंबई संघटनेकडे पत्र मागितलं आणि महिन्याभरात विचार बदलून मुंबईतच राहिला. पृथ्वी शॉनं मात्र पत्र घेतलं आणि महाराष्ट्राच्या संघात गेला. केरळच्या संघात कितीतरी वर्षं खेळलेला जलज सक्सेनाही त्याच वर्षी महाराष्ट्राकडे आला.

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये एवढी सोयसुद्धा नव्हती. तिथं करार संपला तरी खेळाडूवर क्लबचाच हक्क राहायचा. विकतील तिथं जायचं, नाही तर घरी बसायचं. सेंट लुईसच्या कर्ट फ्लडला 1969 मध्ये फिलाडेल्फियाकडे पाठवलं, तेव्हा त्यानं नकार दिला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेलं. 1972 मध्ये तो हरला. खेळाडूंची सुटका 1975 च्या डिसेंबरात एका लवादाच्या निकालानं झाली, आणि तेव्हापासून तिथला प्रत्येक हिवाळा कोण कुठं जाणार, व्यवस्थापक कोण येणार याच चर्चेत जातो. आपला खेळाडू या दोन टोकांच्या मध्ये कुठंतरी आहे. मागायची मोकळीक आहे, पण कागदावर सही दुसऱ्याची लागते.

आता बाहेरच्यांचं बघू. राज्य संघाला तीन बाहेरचे खेळाडू घेता येतात, त्याहून जास्त नाहीत. त्यांना कुणी व्यावसायिक खेळाडू म्हणतं, कुणी पाहुणा. सामन्याचं मानधन भारतीय क्रिकेट मंडळाकडून सगळ्यांना एकाच दरपत्रकानुसार मिळतं. 2021 मध्ये ठरलेल्या दरांनुसार चाळीसहून अधिक सामने खेळलेल्याला दिवसाला 60 हजार, एकवीस ते चाळीस सामने खेळलेल्याला 50 हजार आणि त्याहून कमी खेळलेल्याला 40 हजार रुपये. पाहुण्याला संघटना यावर वेगळी रक्कम ठरवून देते. चौकातला राग खरं तर या वरच्या रकमेवर असतो, आणि तो समजण्यासारखा आहे. जिल्ह्याच्या मैदानाला रोलर नाही अन् पाहुण्याला पैसा, असं वाटणारच.

पण पाहुणे कसे आले ते क्रमानं बघितलं, तर प्रत्येक जण एखाद्या मोकळ्या जागेसाठी आलेला दिसतो. 2014-15 च्या हंगामात तमिळनाडूचा बद्रीनाथ कर्णधार म्हणून आला, कर्नाटकचा गणेश सतीश मधली फळी सांभाळायला आला. बद्रीनाथ लवकर गेला. सतीश मात्र इतकी वर्षं राहिला की पुढं त्याला पाहुणा म्हणायचं लोक विसरले. 2015-16 मध्ये मुंबईचा वसीम जाफर आला. तेव्हा “म्हाताऱ्याले कायले आणलं?” असं विचारणारे कमी नव्हते. चाळिशी ओलांडल्यावर 2018-19 मध्ये त्यानं एका रणजी हंगामात हजारावर धावा काढल्या आणि विदर्भानं दुसऱ्यांदा करंडक उचलला. 2023-24 ला दिल्लीचा ध्रुव शोरी आला, कर्नाटकनं वगळलेला करुण नायर आला. फलंदाज, फलंदाज आणि फलंदाज. गोलंदाज विदर्भ स्वतः तयार करतो. अडचण असते ती वरच्या चार-पाच जणांची. एवढं लक्षात आलं की या खरेदीमागचा हिशेब दिसू लागतो.

प्रशिक्षकाचा हिशेब वेगळा. संघ निवडायला निवड समिती असते, प्रशिक्षक नेमते ती संघटना. त्यामुळे अकरा जणांच्या यादीवरून नुसत्या प्रशिक्षकाला शिव्या देणं दर वेळी बरोबर नसतं. तरी एका माणसानं किती फरक पडतो, ते विदर्भानं 2017 मध्ये पाहिलं. चंद्रकांत पंडित मुंबईचे प्रशिक्षक होते. 2015-16 ला मुंबई विजेती, पुढच्या वर्षी उपविजेती, आणि मुंबईनं त्यांना निरोप दिला. विदर्भानं त्यांना बोलावलं. शिस्त कडक, बोलणं तिखट. काही पोरांना ते झेपत नव्हतं. पण पहिल्याच हंगामात कर्णधार फैझ फझलच्या संघानं इंदूरला अंतिम सामन्यात दिल्लीला नऊ गड्यांनी हरवलं. 1 जानेवारी 2018 चा तो दिवस वऱ्हाडात बोलण्यात अजून निघतो. रजनीश गुरबानीची हॅटट्रिक सगळ्यांना आठवते. अकोल्याचा माणूस मात्र आधी हे सांगतो की आमच्या आदित्य ठाकरेचा पहिला रणजी सामना तोच, थेट फायनल. पंडितांनी लागोपाठ दोन करंडक मिळवून दिले, मग 2020 मध्ये ते मध्य प्रदेशाकडे गेले आणि 2022 ला त्या संघालाही पहिला रणजी करंडक मिळवून दिला. विदर्भ नंतर आपल्याच माजी खेळाडूकडे, उस्मान घनींकडे वळला. 2023-24 मध्ये अंतिम फेरीत मुंबईकडून 169 धावांनी हार, पुढच्या वर्षी विजय. बाहेरचा प्रशिक्षक की घरचा, या वादात दोन्ही पक्षांकडे पुरावा आहे, म्हणून तो मिटत नाही.

या सगळ्या व्यवहारात जाणाऱ्याकडे आणि येणाऱ्याकडे प्रत्येकाचं लक्ष असतं. मोकळ्या झालेल्या खुर्चीकडे फार कमी लोक बघतात, आणि माझ्या मते खरी गंमत तिथंच आहे. 2019 च्या फेब्रुवारीत नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावर सौराष्ट्राविरुद्धच्या अंतिम सामन्यात डावखुरा फिरकी गोलंदाज आदित्य सरवटेनं 11 बळी घेतले. 2024-25 च्या आधी तोच सरवटे केरळला गेला. तेव्हा आपला हुकमी गोलंदाज सोडून दिला म्हणून आरडाओरड झाली. मग योगायोग बघा: 2025 चा अंतिम सामना त्याच जामठ्यावर, विदर्भ विरुद्ध केरळ, आणि सरवटे पाहुण्यांच्या बाजूनं. पहिल्या डावात त्यानं 79 धावा काढून विदर्भाच्या पोटात गोळा आणला. सामना अनिर्णित राहिला. विदर्भाच्या 379 समोर केरळच्या 342, म्हणजे 37 धावांच्या आघाडीवर करंडक राहिला.

पण सरवटे गेल्यानं डावखुऱ्या फिरकीची जी जागा मोकळी झाली, तिथं हर्ष दुबे हंगामभर खेळला. तोही डावखुरा, तोही फिरकी. त्यानं 69 बळी घेतले, एका रणजी हंगामात इतके बळी त्याआधी कुणीच घेतले नव्हते. सरवटे राहिला असता तर दुबेला इतकी षटकं मिळाली असती का? माझं उत्तर नाही असं आहे. राजकमल चौकात ते मान्य होत नाही, कारण सरवटेनं नंतर काय केलं ते समोर दिसतं आणि दुबेला संधी मिळाली नसती तर काय झालं असतं ते दिसत नाही.

फलंदाजीत हीच गोष्ट उलटी फिरते. केरळविरुद्धच्या त्याच अंतिम सामन्यात पहिल्या सकाळी विदर्भ तीन बाद 24 होता. तिथून करुण नायर आणि एकवीस वर्षांचा दानिश मालेवार यांनी 215 धावा जोडल्या. नायर 86 वर धावबाद झाला, मालेवारनं 153 केल्या. पाहुण्यानं त्या दिवशी घरच्या पोराची जागा अडवली नाही, समोर उभं राहून त्याला वाढवलं. दुसऱ्या डावात नायरनं 135 काढल्या त्या वेगळ्या. म्हणून पाहुणा कसा निघाला हे जोखायला त्याच्या धावा पुरत नाहीत. तो असताना त्याच्या भोवतीची पोरं किती खेळली आणि तो गेल्यावर उभी राहिली का, हे बघावं लागतं. ऑगस्ट-सप्टेंबर 2025 च्या दुलीप करंडकात मध्य विभागाकडून मालेवारनं द्विशतक ठोकलं आणि यश राठोड अंतिम सामन्यात 194 वर बाद झाला. नायर तेव्हा विदर्भाचा राहिलेला नव्हता.

मध्य विभाग म्हटल्यावर एक आडवाट घ्यायलाच हवी. मुंबई आणि महाराष्ट्र पश्चिम विभागात, विदर्भ मध्य विभागात; राज्य एक, विभाग दोन, संघ तीन. याचं मूळ जुन्या मध्य प्रांत आणि वऱ्हाडात आहे. 1934-35 च्या पहिल्यावहिल्या रणजी हंगामात जो संघ उतरला, त्याच्या नावातच वऱ्हाड होतं. विदर्भ या नावानं संघ आला 1957-58 मध्ये. मधे क्रिकेटचा कारभार सुधारण्यासाठी नेमलेल्या लोढा समितीच्या एक राज्य एक मत या सूत्रामुळे ही वेगळी ओळख धोक्यात आली होती, पण 2018 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिन्ही संघटनांची पूर्ण सदस्यता राखली. नावातलं वऱ्हाड गेलं ते गेलंच, आणि त्याचा सल अकोला-अमरावतीच्या बोलण्यात आजही लागतो. इथला वाद फक्त बाहेरच्यांशी नसतो, तो नागपूरशीही असतो. अकोल्याहून नागपूर अडीचशे किलोमीटर, अमरावतीहून दीडशे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला क्रिकेट पुढं न्यायचं तर घर सोडावं लागतं, आणि सोडलं की तो नागपूरचा म्हणून ओळखला जातो. हा राग अगदीच पोकळ नाही. पण पाहुण्यांच्या तीन जागांवर तो काढला जातो, तेव्हा नेम चुकतो.

जितेशच्या बाबतीत तर नेम साफच चुकला. त्याची जागा कुणा पाहुण्यानं घेतली नव्हती. विदर्भाचा तेव्हाचा कर्णधार अक्षय वाडकर स्वतः यष्टिरक्षक. त्यामुळे चार दिवसांच्या संघात जितेशला दार जवळजवळ बंद होतं. तो वीस षटकांचा खेळाडू. बंगळूरनं त्याला लिलावात 11 कोटींना घेतलं, 27 मे 2025 ला लखनऊविरुद्ध त्यानं 33 चेंडूंत नाबाद 85 धावा केल्या आणि आठवडाभरात त्याच्या संघानं आयपीएल जिंकली. असा माणूस पंख पसरायला दुसरं अंगण शोधणारच. अमरावतीनं वाईट वाटून घ्यावं, पण नायरच्या नावानं बोटं मोडू नयेत.

अकोल्याची बाजू अथर्व तायडेवर उभी असते. एकोणीस वर्षांखालच्यांच्या कूचबिहार करंडकाच्या अंतिम सामन्यात त्रिशतक ठोकलेला हा डावखुरा सलामीवीर 2025 च्या रणजी अंतिम सामन्यात अकरा जणांत नव्हता. त्याच्या जागी कुणी बाहेरचा आला असता तर अकोल्यात काय झालं असतं, याचा विचारच नको. पण सलामीला आला तो पार्थ रेखडे, घरचाच पोरगा. म्हणजे तायडेला बसवलं ते फॉर्म बघून. ऑक्टोबरात जामठ्यावर शेष भारताविरुद्ध इराणी करंडकाच्या सामन्यात तायडे पुन्हा सलामीला आला, 143 धावा केल्या, सामनावीर ठरला आणि विदर्भ 93 धावांनी जिंकला. नायर नव्हता, जितेश नव्हता, सरवटे नव्हता.

अकोल्यात त्या आठवड्यात छाती फुगली होती. “पाह्यलं? कोणाच्यावाचून अडलं का आपलं?” यावर अमरावतीचं उत्तर तयार होतं आणि ते तितकंच रास्त आहे: इराणीचं ठेव बाजूले, वीस षटकांच्या सामन्यात शेवटच्या चार षटकांत जितेशच्या जागी कोण ते सांग.