हातातली अँटेना आणि दहा मिनिटांचा उपग्रह

जुलै २०२५ मध्ये भारतीय अंतराळवीर शुभांशू शुक्ला यांनी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून हॅम रेडिओच्या साह्याने बंगळूर येथे जमलेल्या विद्यार्थ्यांशी संवाद साधला. अशा नियोजित कार्यक्रमांसाठी जमिनीवर सहसा मोटारीने फिरणाऱ्या मोठ्या अँटेना वापरल्या जातात. त्यामुळे उपग्रहावरून बोलणे हे सामान्य हौशी माणसाचे काम नव्हे, असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात इमारतीची गच्ची, पाच वॉटचा हातातला संच आणि हातात धरता येईल अशी अँटेना एवढ्या सामग्रीवरही हा संवाद साधतो. अट एकच, अँटेनाची निवड चुकता कामा नये. संच चांगला असून अँटेना अयोग्य असेल, तर परवाना परीक्षेसाठी घेतलेले कष्ट आणि खर्च केलेला पैसा यांच्या बदल्यात नुसती खरखर कानी पडते.

अंतराचे गणित

अंतराळ स्थानक डोक्यावर असते तेव्हा ते सुमारे ४०० किलोमीटर दूर असते. तेच क्षितिजावर उगवते तेव्हा हे अंतर सुमारे २,३०० किलोमीटर होते. म्हणजे अंतर जवळजवळ सहापट वाढते आणि संदेशाची शक्ती तीस पटींहून अधिक घटते. संचासोबत मिळणारी छोटी रबरी अँटेना अशा वेळी निष्प्रभ ठरते, कारण ती आपली शक्ती सर्व बाजूंना विखरून टाकते. घरांच्या छपरांवर एकेकाळी दिसणाऱ्या दूरदर्शनच्या अँटेनासारखी, एका दांड्यावर आडव्या कांड्या बसवलेली 'यागी' अँटेना हीच शक्ती एका दिशेला एकवटते. सात कांड्यांची यागी साधारण दहापट लाभ देते.

मग कांड्या वाढवत का नेऊ नयेत? कांड्या वाढल्या की दांडा लांबतो, वजन वाढते आणि झोत अरुंद होतो. उपग्रह आठ-दहा मिनिटांत आकाश ओलांडतो. तेवढा वेळ एका हाताने अँटेना रोखून धरायची आणि दुसऱ्या हाताने संच चालवायचा असतो. झोत फार अरुंद असल्यास उपग्रह वारंवार हातचा निसटतो. मध्यम आकाराच्या यागीत नेम दहा-पंधरा अंशांनी चुकला तरी फारसे बिघडत नाही. म्हणून हातात धरण्याच्या अँटेनात मोठेपणापेक्षा बेतशीरपणाला महत्त्व असते.

दोन पट्टे, एक दांडा

हौशी उपग्रहांपैकी अनेक उपग्रह एका पट्ट्यावर ऐकतात आणि दुसऱ्यावर बोलतात. अंतराळ स्थानकावर २०२० मध्ये सुरू झालेला रिपीटर १४५.९९० मेगाहर्ट्झवर संदेश घेतो आणि ४३७.८०० मेगाहर्ट्झवर तो परत पाठवतो. पहिल्या पट्ट्यासाठी सुमारे एक मीटर लांबीच्या कांड्या लागतात, दुसऱ्यासाठी त्याच्या एकतृतीयांश. साहजिकच अँटेना दोन्ही पट्ट्यांची हवी.

येथे दोन प्रमुख पर्याय आहेत. पहिल्या प्रकारात एकाच दांड्यावर दोन यागी एकमेकींना काटकोनात बसवलेल्या असतात. अमेरिकेतील 'अ‍ॅरो' अँटेना याच पद्धतीची असून तिच्यात खालच्या पट्ट्यासाठी तीन आणि वरच्या पट्ट्यासाठी सात कांड्या असतात. दोन्ही यागींच्या केबल स्वतंत्र असल्याने दोन संच जोडून बोलता बोलता स्वतःचाच आवाज उपग्रहावरून ऐकता येतो. एकच संच वापरायचा असल्यास दोन्ही केबल एकत्र आणणारा 'डिप्लेक्सर' लागतो. दुसरा प्रकार 'लॉग पिरिऑडिक' अँटेनाचा. 'एल्क' हे त्याचे परिचित उदाहरण. तिला एकच केबल पुरते आणि दांडा आखूड असतो. एका संचावर काम करणाऱ्यास ती सोयीची, मात्र दोन संच वापरायचे झाल्यास येथे डिप्लेक्सर अपरिहार्य ठरतो.

दोन संच वापरणाऱ्यांनी आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. १४५.९९० ची तिप्पट ४३७.९७० होते, म्हणजेच उपग्रहाच्या आवाजाच्या अगदी शेजारी. परिणामी आपण बोलू लागताच आपलाच दुसरा संच बहिरा होण्याचा संभव असतो. काटकोनातील रचना आणि चांगला फिल्टर यांनी हा दोष कमी होतो.

मनगटाचे काम

उपग्रह अवकाशात स्वतःभोवती फिरत असतो. त्यामुळे त्याच्या लहरींची पातळी कधी उभी तर कधी आडवी होते. आपली अँटेना नेमकी विरुद्ध पातळीत असेल तर स्पष्ट येणारा आवाज अचानक बुडतो. अशा वेळी अँटेना मनगटातून पाव फेरी वळवली की आवाज पुन्हा उमटतो. गच्चीवर कायम बसवलेल्या साध्या अँटेनाला ही सोय नसते. खरेदीपूर्वी अँटेना हातात धरून ती सहज वळते का, तोल मुठीजवळ येतो का, हे पाहावे ते याचसाठी. तोल पुढे झुकत असेल तर पाचव्या मिनिटाला हात भरून येतो.

काटकसर करणाऱ्यांसाठी घरगुती मार्गही आहे. पीव्हीसी पाइपवर पोलादी मेजर टेपचे तुकडे बसवून उत्तम यागी तयार करता येते. मापे मात्र काटेकोर हवीत. केबल आखूड ठेवावी, कारण वरच्या पट्ट्यावर प्रत्येक जादा मीटर शक्ती खातो. गच्चीवरील विजेच्या तारांपासून दूर राहावे आणि पावसाळी गडगडाटात हा उद्योग टाळावा.

परवाना आधी

प्रक्षेपणासाठी केंद्राच्या दूरसंचार विभागाची परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना घेणे बंधनकारक आहे. या छंदाचे भारताशी नातेही जुने आहे. इस्रोने ५ मे २००५ रोजी सोडलेल्या 'हॅमसॅट'ने २०१४ पर्यंत जगभरच्या हौशींची सेवा केली. पुण्याच्या सीओईपी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी घडवलेला, हॅम रेडिओवरून संदेश पोहोचवण्यासाठीचा 'स्वयम्' हा लघुउपग्रह २२ जून २०१६ रोजी अवकाशात गेला.

नवख्याने प्रथम केवळ ऐकण्याचा सराव करावा. स्थानक जवळ येताना वरच्या पट्ट्यावर सुमारे १० किलोहर्ट्झ वर ऐकू येते आणि दूर जाताना तेवढेच खाली सरकते. संच त्यानुसार सरकवत, अँटेना वळवत दोन-चार फेऱ्या नीट ऐकता आल्या, की बोलण्याची वेळ आली असे समजावे. जो उपग्रह नीट ऐकू येत नाही, त्याच्यावर बोलणे म्हणजे इतरांच्या संभाषणात व्यत्यय आणणे होय. एका वेळी एकालाच बोलता येते आणि रांगेत अवघा देश उभा असतो. म्हणूनच अँटेना निवडताना आवाज किती दूर पोहोचेल यापेक्षा, आपल्याला किती नीट ऐकू येईल याचा विचार आधी करावा.