शिलकी अंदाजपत्रक

डिसेंबरातली दुपार. शेजारच्या गावच्या ग्रामपंचायतीत भाऊसाहेबांसमोर, म्हणजे ग्रामसेवकांसमोर, बसलो होतो. टेबलावर नमुना 1, पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक. शेजारी नमुना 9, कुणाकडून किती कर येणं आहे त्याची वही. भाऊसाहेब आधी खर्च मांडत होते, जमा मागाहून. मी विचारलं तर हसले. "जमेचं काय, ओढली की लांबते."

लांबते ती थकबाकीच्या जोरावर. चालू घरपट्टी आणि मागली बाकी, दोन्ही पुरती जमेला धरायची. त्यातली काही घरं मुंबईला गेलेल्यांची, कुलूपबंद; काहींत भावाभावांचा वाद. पैसे येणार नाहीत हे वहीवरून बोट फिरवणाऱ्याला पाठ असतं. पण तूट दाखवायची सोय नाही, म्हणून अंदाजपत्रक दरवर्षी शिलकीच.

खर्चाची बाजू मात्र ओढाताण करू देत नाही. स्वउत्पन्नातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 महिला-बालकल्याणाला, 5 दिव्यांगांना. तेव्हा 15व्या वित्त आयोगाच्या निधीतले 60 टक्के 'बंधित' होते, ते फक्त पाणी आणि स्वच्छतेला. त्यामुळे व्हॉल्व्हला पैसे असायचे, बल्बला नसायचे. कचेरीसमोरचा हायमास्ट दिवा लोकप्रतिनिधीच्या निधीतून आला, फलकासकट. दुरुस्ती ग्रामपंचायतीच्या माथी. तो बंदच होता.

मासिक सभेत कपातीचा ठराव झालेला कुणी पाहिला नसेल. सूचक मिळतो, अनुमोदक मिळतो, सगळी लेखाशीर्षं मंजूर. कात्री लागते ती पुढे, वसुली येईना झाली की. वीजबिल थांबवलं तर जोडणी तुटते, म्हणून ते आधी. मग थांबतं ते, ज्याच्यासाठी कुणी मोर्चा आणत नाही: गटारउपसा, वाचनालयाची पुस्तकं, आणि पाणी सोडणाऱ्याचा पगार.

तो तेवढ्यात आलाच. टाकीत टाकायला जंतुनाशक टीसीएल पावडर हवी होती. पिशवी सायकलला अडकवली, पण पाय निघेना.

"भाऊसाहेब, तेवढं बघा ना."

"बघतो. वसुली येऊ दे."

"दिवाळीलाही हेच म्हणालात," असं म्हणून तो गेला. टाकीची वेळ झाली होती. भाऊसाहेबांनी चष्मा पुसला आणि 'कर्मचारी वेतन'समोर बारा महिन्यांची पूर्ण रक्कम लिहिली.