जीपची मीटर केबल पुन्हा पुन्हा का तुटते?

जुन्या जीपच्या स्पीडोमीटरची केबल पहिल्यांदा तुटली तर ती जुनी झाली होती, एवढे कारण पुरते. नवी टाकल्यावर काही महिन्यांत तीही तुटली तर मात्र केबलला दोष देणे थांबवावे. इंदापूर-बारामतीच्या ऊसपट्ट्यात आणि नदी ओलांडून माळशिरसच्या बाजूला आजही महिंद्राच्या जुन्या जीपगाड्या शेतीच्या कामाला जुंपलेल्या दिसतात. नरसिंहपूरला भीमा आणि नीरा एकत्र येतात. त्या संगमाच्या आसपासची काळी माती पावसाळ्यात गाडीच्या पोटापर्यंत चढते आणि उन्हाळ्यात तिचीच पिठासारखी धूळ होते. अशा मुलखात केबल तुटली की गॅरेजवाला दुसरी टाकतो, ती तुटली की तिसरी टाकतो, आणि शेवटी मालक मीटरचा नाद सोडून देतो. पुढे कित्येक वर्षे गाडी शून्यावर पडलेल्या काट्याने धावत राहते. माझे म्हणणे असे आहे की केबल हा या सगळ्या यंत्रणेतला सर्वांत कमकुवत दुवा आहे आणि तुटणे हे तिचे एका अर्थी कामच आहे. फ्यूज उडाला म्हणून कोणी फ्यूजला दोष देत नाही, वायरिंग तपासतो. इथेही तसेच करायला हवे.

त्यासाठी आधी केबल करते काय ते पाहू. 1953 साली आलेल्या विलीस सीजे-3बी या जीपची बांधणी महिंद्राच्या गाड्यांनी पुढे कित्येक वर्षे चालवली. त्या बांधणीत मीटरचा लहान दाता-गिअर ट्रान्सफर केसच्या मागच्या बाजूला, मागच्या प्रॉपेलर शाफ्टकडे जाणाऱ्या दांड्यावर बसतो. तिथून निघालेली तार बाहेरच्या नळीतून फिरत डॅशबोर्डपर्यंत जाते. ही तार म्हणजे एकसंध सळई नव्हे. पोलादी तारांचे थर एकावर एक, आलटून पालटून उलट्या दिशेने गुंडाळून ती बनते. म्हणूनच ती वाकूनही फिरू शकते. अमेरिकी पद्धतीच्या मीटरमध्ये एका मैलाला तारेचे हजार फेरे धरतात, म्हणजे किलोमीटरला साधारण 620. वीस किलोमीटरच्या एका खेपेत ही तार बारा हजारांहून जास्त वेळा स्वतःभोवती फिरते.

मीटरच्या आत तारेला कोणते ओझे ओढावे लागते, हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. जर्मन संशोधक ओटो शुल्झे याने 1902 साली पेटंट घेतलेले तत्त्व जुन्या मीटरमध्ये वापरलेले असते. तार एक चुंबक फिरवते, चुंबकाभोवती अॅल्युमिनियमची वाटी असते, चुंबक फिरला की वाटीत विद्युतप्रवाह निर्माण होतात आणि वाटी त्याच दिशेने ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला अडवते. जितका वेग, तितकी वाटी वळते आणि तिच्यावर बसवलेला काटा पुढे सरकतो. चुंबक आणि वाटी एकमेकांना शिवतही नाहीत. म्हणजे काटा फिरवायला तारेला जवळजवळ काहीच जोर लागत नाही. जोर लागतो तो चुंबकाच्या दांड्याच्या बुशमध्ये आणि किलोमीटर मोजणाऱ्या आकड्यांच्या चाकांना. मीटर निरोगी असेल तर हाही जोर दोन बोटांनी पेलण्याइतका असतो. इंजिनची ताकद, गाडीवरचे ओझे, ट्रॉली ओढण्याचा ताण यांतले काहीही तारेवर येत नाही. शेतात लो गिअर लावून चिखल कापताना तारेवर जास्त भार पडतो, हा समज म्हणूनच चुकीचा आहे. मीटरचा गिअर ट्रान्सफर केसच्या पुढे, म्हणजे चाकांच्या बाजूला आहे. लो गिअरमध्ये गाडी हळू जाते, तशी तारही हळूच फिरते.

मग तार तुटते कशाने? याचे उत्तर तुटलेल्या तुकड्यातच असते, आणि गॅरेजमध्ये सगळ्यांत आधी फेकला जातो तो नेमका हाच तुकडा. तो उजेडात धरून पाहावा. तुटल्या जागी थर उसवून फुगा आला असेल, तर तारेला पीळ बसला आहे. खालून गिअर फिरवत होता आणि वर मीटर अडकले होते. तुटल्या जागी थर न उसवता तार सरळ छाटल्यासारखी असेल, तर ती एकाच जागी वाकून वाकून थकली आहे. ती जागा नळीवर मोजून काढली की बहुधा एखादे अतितीव्र वळण सापडते. थर उसवले आहेत पण मीटर मोकळे फिरते, असे असेल तर तारेच्या पिळाची दिशा तपासावी. सगळ्यांत बाहेरच्या थराचा पीळ असा हवा की गाडी पुढे जाताना तो घट्ट होईल. दुसऱ्या गाडीची, उलट फिरणाऱ्या मीटरची तार लांबी जुळते म्हणून बसवली, तर प्रत्येक किलोमीटरला ती उसवतच जाते. तार शाबूत आणि तिचे चौकोनी टोक गोल झिजलेले असेल, तर ते खाचेत पुरते बसत नव्हते, किंवा गिअरचे बुश झिजून टोक हेलकावे खात होते. तुटण्याच्या वेळी मीटरवर आकडा किती होता, हेही लिहून ठेवावे. 39,999 वरून 40,000 वर जाताना एकाच वेळी पाच चाके फिरतात आणि क्षणभर भार वाढतो. तार अशाच आकड्यांच्या जवळपास तुटत असेल तर मोजणीच्या चाकांत अडथळा आहे.

या सगळ्या कारणांत आपल्याकडच्या गाड्यांत सहसा लपून राहणारे कारण तेलाचे आहे, आणि त्यावर थोडे थांबायला हवे. तारेचा बाहेरचा थर स्क्रूच्या आट्यासारखा असतो. नळीत फिरताना तो आटा तेल वर चढवू शकतो. गिअरच्या बुशजवळून किंवा सीलमधून ट्रान्सफर केसचे ऑइल नळीत शिरले की तार ते हळूहळू डॅशबोर्डकडे नेते. वर ते मीटरच्या बुशमध्ये आणि चुंबकाच्या वाटीत पोचते. उन्हाळ्यातली धूळ त्यात मिसळते, चिकट गाळ होतो, मीटर जड फिरू लागते आणि एक दिवस अडकते. त्याच दिवशी तार तुटते. मालक नवी केबल टाकतो, पण गाळ मीटरमध्ये तसाच असतो आणि तेल खालून येतच असते. मग नवी तार पहिलीपेक्षाही लवकर जाते. आता तेल तरी नळीत का शिरते? सील झिजलेले असते हे एक कारण. दुसरे कारण चिखलात आहे. गिअर तापले की पेटीतली हवा फुगते. तिला बाहेर पडायला ब्रीदर नावाचे बारीक भोक असते. काळ्या मातीने ते बुजले की हवेचा दाब तेलाला वाट मिळेल तिथून बाहेर ढकलतो. शिवाय जुन्या बांधणीत मुख्य गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस एकमेकांना चिकटून असतात. मधले सील गेले की एका पेटीतले तेल दुसऱ्या पेटीत उतरते आणि तिथली पातळी ठरल्यापेक्षा वर जाते. चिखलाचा तारेशी संबंध आहे तो असा, आडवळणाने.

यावर गॅरेजमध्ये हटकून एक आक्षेप येतो: हल्लीच्या केबलीच हलक्या निघतात. त्यात तथ्य आहे. स्वस्त तार मऊ पोलादाची असते, टोकाचा चौकोन नीट दाबलेला नसतो, नळीच्या आतले अस्तर खरखरीत असते. पण हलकी तार तुटायलाही भार लागतोच. मीटर मोकळे, वळणे रुंद आणि टोके सरळ असतील तर हलकी तारसुद्धा बरीच टिकते. मीटर अडकलेले असेल तर उत्तम तार घातली तरी तीच तुटेल, किंवा ती टिकून खालचा लहान गिअर दात गमावेल. ते दुरुस्त करणे तारेपेक्षा कितीतरी महाग पडते. म्हणून जाड, जास्त मजबूत तार घालण्याचा सल्ला मला धोक्याचा वाटतो.

दुसरा आक्षेप खडबडीत रस्त्याचा. पाणंदीतल्या खड्ड्यांनी तार तुटते असे म्हणतात. खड्डा थेट तार तोडत नाही, पण त्याचा माग काढायला हवा. जीपची बॉडी चासीवर रबरांवर बसते आणि इंजिन-गिअरबॉक्स आपल्या वेगळ्या फाउंडेशन रबरांवर. केबलचे एक टोक गिअरबॉक्सकडे आणि दुसरे बॉडीवर असते. फाउंडेशनची रबरे बसली की क्लच सोडताना आणि खड्ड्यात आदळताना गिअरबॉक्स उचलला जातो आणि केबल ओढली जाते. मधे कोणी ती चासीला तारेने आवळून बांधली असेल तर ताण नेमका नटाजवळच्या जागी येतो. इथे दुरुस्ती रबरांची करायची असते. नळी नटापासून निदान पाच सेंटिमीटर सरळ जावी, कुठल्याही वळणाची त्रिज्या पंधरा सेंटिमीटरपेक्षा कमी नसावी, सायलेन्सरपासून ती दूर असावी आणि गिअरबॉक्सच्या हालचालीपुरती ढिलाई तिला मिळावी. जुन्या कारखानी पुस्तिकांतही जवळपास हेच नियम सापडतात.

तपासणीचा क्रम मी असा सुचवेन. काटा पडला पण किलोमीटर मोजले जात आहेत, तर तार ठीक आहे आणि बिघाड मीटरच्या आत आहे. दोन्ही बंद असतील तर मीटरच्या मागचा नट हाताने सोडावा, मागची चाके उचलून फिरवावीत आणि तारेचे टोक फिरते का ते पाहावे. फिरत नसेल तर तार तुटली आहे किंवा गिअरचे दात गेले आहेत. नवी तार बसवण्याआधी जुन्या तारेचा एक चांगला तुकडा मीटरच्या खाचेत घालून बोटांनी फिरवावा. तो लोण्यासारखा फिरला नाही, कुठे अडला, कुरकुरला, तर नवी तार त्या मीटरला जोडूच नये. मीटर आधी साफ करून घ्यावे. नंतर गिअरचे बुश, सील, ब्रीदर आणि तेलाची पातळी पाहावी. तारेची लांबीही पाहावी. मीटरच्या बाजूला तिचे टोक नळीबाहेर साधारण एक सेंटिमीटर यावे आणि ती पुढे-मागे थोडी सरकावी. तार लांब असेल तर नट आवळताच ती मीटरच्या दांड्यावर रेटली जाते आणि बुश खाते. आखूड असेल तर टोक खाचेतून निसटून झिजते. ग्रीस पातळ थरात लावावे, ग्राफाइटचे असल्यास उत्तम, आणि वरची एक वीत तार कोरडी ठेवावी. भरपूर ग्रीस भरण्याची सवय फार रुजली आहे. पण जास्तीचे ग्रीसही तेलासारखेच वर चढून मीटर खराब करते.

तिसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: मोबाइलवर वेग दिसतो, मग हा खटाटोप कशाला? वेग पडताळायला मोबाइल खरोखर चांगला आहे. मोठी टायरे घातलेल्या गाडीत मीटर चुकते, कारण मोठे चाक कमी फेऱ्यांत जास्त अंतर कापते. टायरचा घेर दहा टक्के वाढला तर मीटर 60 दाखवते तेव्हा गाडी 66 ने जात असते. ते तपासायला मोबाइल वापरावा. पण ऑइल कधी बदलायचे, फिल्टर आणि ग्रीसिंगची वेळ कधी आली, डिझेल किती किलोमीटरला किती जाते, हे सगळे मीटरच्या आकड्यांवर चालते. मीटर बंद पडलेल्या गाडीत हा हिशेब अंदाजाने होतो आणि अंदाज बहुधा मालकाच्या सोयीने लांबतो. शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधील नियम 117 प्रमाणे गाडीला स्पीडोमीटर असणे बंधनकारक आहे, आणि पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरण करताना गाडी तपासणीतून जावी लागते. सेन्सरवर चालणारे इलेक्ट्रॉनिक मीटर बसवणे हा पर्याय आहे आणि तो वाईट नाही. पण गळणारे सील आणि बुजलेला ब्रीदर त्याने बरे होत नाहीत. तार निघून गेल्यावर तो बिघाड सांगणारेही कोणी उरत नाही.

दिवाळीनंतर कारखान्यांची धुराडी पेटतील आणि गाड्यांना उसंत मिळणार नाही. त्याआधी एक दुपार काढून ब्रीदर साफ करा, मीटर बोटाने फिरवून पाहा, फाउंडेशनची रबरे तपासा. आणि केबल तुटलेलीच असेल तर तिचे दोन्ही तुकडे जपून ठेवा आणि गॅरेजमध्ये जाताना बरोबर न्या.