बापाचे नाव : हक्क कोणाचा, जबाबदारी कोणाची?

मूल दोघांचे असते. पण लग्नाशिवाय जन्मले की बदनामी, उपासमार आणि संगोपन एकट्या बाईच्या वाट्याला येते. यवतमाळ जिल्ह्यातील झरी-जामणी, मारेगाव, पांढरकवडा भागातील कोलाम पोडांवरच्या कुमारी मातांचा प्रश्न वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांत गाजतो आहे. ठेकेदार, व्यापारी, मुकादम लग्नाचे आमिष दाखवतात आणि पोट दिसू लागले की गाव सोडतात. पुढाऱ्यांचे दौरे होतात, घोषणा होतात. मात्र त्या मुलाचा बाप कोण, हे न्यायालयात सिद्ध करण्याचे काम मागेच पडते.

कायदा काय म्हणतो? १९५६ च्या हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्यानुसार, जो बौद्धांनाही लागू आहे, विवाहातून झालेल्या मुलाचा नैसर्गिक पालक आधी बाप, नंतर आई. विवाहाबाहेर झालेल्या मुलाची मात्र आधी आई, नंतर बाप. म्हणजे जिथे वंश आणि मालमत्ता आहे तिथे बाप पहिला, आणि जिथे दुधाची बाटली भरायची आहे तिथे तो दुसरा! बाबासाहेबांनी १९१६ च्या निबंधातच दाखवून दिले होते, की स्त्रीवरील बंधनांतूनच जात टिकते. हिंदू कोड बिलासाठी त्यांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले, ते उगाच नव्हे.

१९९९ साली लेखिका गीता हरिहरन यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 'बापानंतर आई' याचा अर्थ बापाच्या मृत्यूनंतर असा नसून त्याच्या गैरहजेरीत असा लावला. २०१५ साली त्याच न्यायालयाने सांगितले, की अविवाहित आईला पालकत्व मागताना बापाचे नाव उघड करण्याची सक्ती नाही. याचा अर्थ बाप जबाबदारीतून सुटला असा नव्हे. नाव सांगायचे की नाही हा आईचा अधिकार. पोटगी हा मुलाचा अधिकार.

हा पोटगीचा अधिकार पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तो नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. औरस-अनौरस असा भेद त्यात नाही. बाप नाकबूल झाला तर डीएनए चाचणीची मागणी करता येते. न्यायालय ती सरसकट देत नाही. पण आदेश होऊनही रक्त देण्यास नकार देणाऱ्याविरुद्ध न्यायालय निष्कर्ष काढू शकते. नारायण दत्त तिवारींसारख्या माजी मुख्यमंत्र्यालाही २०१२ साली नमुना द्यावा लागला आणि पितृत्व सिद्ध झाले. मात्र शिकलेल्या, दिल्लीत राहणाऱ्या मुलालाही त्यासाठी २००८ पासून झगडावे लागले. मग पोडावरच्या मुलीने काय करावे?

चाचणी दुधारी आहे, हेही ध्यानात घ्यावे. २०१४ साली महाराष्ट्रातील एका पोटगीच्या दाव्यात अहवाल नवऱ्याच्या बाजूने गेला आणि मुलीची पोटगी गेली. २०२३ साली पुण्यातील एका घटस्फोटाच्या दाव्यात मात्र, नवराबायकोच्या भांडणात मुलाचे रक्त तपासू नका, असे सर्वोच्च न्यायालयाने बजावले.

काही बापांना मूल खरोखर हवे असते. त्यांना १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालयात अर्ज करता येतो. तिथे कसोटी बापाच्या हक्काची नाही, मुलाच्या हिताची असते. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडेच राहते. परंतु बाईने पोटगी मागितली की लगेच मूल हिसकावून घेण्याची धमकी देणारे बाप पुष्कळ आहेत. ताबा मागणाऱ्याने आधी खर्चाचा हिशेब द्यावा.

यवतमाळला खेटून असलेल्या लोहाऱ्यातल्या बाईला जिल्हा न्यायालय हाकेच्या अंतरावर आहे. झरीकडच्या बाईची दिवसभराची मजुरी नुसत्या येण्याजाण्यात बुडते. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना, मुलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. हे किती पोडांवर पोचले आहे? मुलगी अठरा वर्षांखालील असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने गुन्हाही दाखल झालाच पाहिजे. तो खटला चालू आहे म्हणून पोटगीचा अर्ज थांबवण्याचे कारण नाही.

१ मे २०२४ पासून महाराष्ट्रात जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदावर आईचे नाव बापाच्या आधी येते. कागदावरचा हा क्रम चांगलाच आहे. पण नावाने पोट भरत नाही. कार्यकर्त्यांनी जयंतीच्या वर्गणीसोबत एक वही काढावी : कोणत्या वस्तीत किती मुलांचे बाप फरार आहेत आणि किती अर्ज न्यायालयात गेले. अर्ज लिहिण्यासाठी सोबत बसणारा एक माणूस त्या बाईला शंभर भाषणांपेक्षा अधिक उपयोगी पडेल.