बरणीतला आंबटपणा कुठला?

रमजान जवळ आला की इफ्तारच्या दस्तरखानासाठी परदेशी बरण्यांची खरेदी सुरू होते. जैतून, काकडीची तुर्शी, हिरव्या तिखट मिरच्या, कधी सलगमच्या गुलाबी फोडी. आखातात नोकरी करून आलेल्या घरांना ही चव सुटत नाही. मुळशी तालुक्यातले सूस जून २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आले. आता पाषाणपासून सूसपर्यंतच्या सोसायट्यांच्या दुकानांतही अशा बरण्या दिसतात. आपल्यापैकी काही कुटुंबे एक पाऊल पुढे जाऊन हा माल थोड्या प्रमाणात स्वतःच मागवून विकण्याचा विचार करतात. त्यांच्यासाठी आणि नुसत्या खाणाऱ्यांसाठीही आम्ही हा विषय घेतला आहे, कारण दोघांचा प्रश्न शेवटी एकच निघतो: बरणीतले पाणी कशाचे आहे?

परदेशातून आलेल्या प्रत्येक मालाला कस्टमच्या दरपत्रकात एक आकडा असतो. जगभर वापरली जाणारी ही आकड्यांची पद्धत ब्रुसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेची. भारताने १९७५ च्या कस्टम्स टॅरिफ कायद्यात ती १९८६ पासून घेतली. फळे-भाज्यांच्या टिकवलेल्या पदार्थांचे प्रकरण २० वे आहे. त्यात शीर्षक २००१ म्हणजे सिरक्यात किंवा ॲसेटिक ॲसिडमध्ये टिकवलेल्या भाज्या, फळे, सुकामेवा वगैरे. काकडी आणि छोटी काकडी २००१ १० मध्ये, बाकी सगळे २००१ ९० मध्ये. टोमॅटो फळ की भाजी, यावर अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाला १८९३ मध्ये निकाल द्यावा लागला होता (कोर्टाने भाजी ठरवली). इथे तो वाद लागतच नाही. सिरक्यात बुडाले की सगळे एका घरात.

घोळ होतो तो आंबट चवीमुळे. लोकांना वाटते, आंबट आहे म्हणजे सिरका असणारच. तसे नाही. मिठाच्या पाण्यात भाजी मुरत ठेवली की तिच्यात लॅक्टिक आम्ल आपोआप तयार होते; आंबवलेल्या कोबीचा आंबटपणा असाच येतो. त्यात सिरक्याचा थेंबही नसतो, म्हणून तो कोबी २००५ मध्ये जातो. मिठाच्या पाण्यातले जैतूनही २००५ मध्येच. युरोपीय संघाने तर मोजमापच ठरवून टाकले आहे: उडून जाणारे आम्ल, ॲसेटिक ॲसिडच्या हिशेबाने, वजनाच्या किमान ०.५ टक्के असेल तरच २००१. आम्हाला हा नियम आवडतो, कारण त्यात चवीवर नव्हे, प्रयोगशाळेवर भिस्त आहे.

तिसरे घर ०७११. पिंपांत, खाऱ्या पाण्यात तात्पुरती टिकवलेली, त्या अवस्थेत लगेच खाता येणार नाही अशी भाजी. कारखान्यात ती धुऊन पुन्हा बरण्यांत भरली जाते.

आता पैशांचे. या तिन्हींवर मूळ कस्टम ड्युटी ३० टक्के आणि त्या ड्युटीवर १० टक्के समाजकल्याण अधिभार. १०० रुपयांचा माल १३३ चा झाला. त्यावर जीएसटी. सप्टेंबर २०२५ पर्यंत ०७११ वर तो ५ टक्के होता आणि २००१ वर १२. म्हणजे एका घरात एकूण ३९.६५ रुपये, दुसऱ्यात ४८.९६. पाच लाखांच्या मालावर फरक ४६,५५० रुपयांचा! २२ सप्टेंबर २०२५ पासून २००१ वरही ५ टक्के झाल्याने ही दरी मिटली. पण जुन्या खेपांची तपासणी नंतरही होऊ शकते. आकडा चुकीचा लिहिला गेला असेल तर फरक व्याजासह मागितला जातो, हेतूपूर्वक लपवल्याचे ठरले तर दंडही. नोंदणीकृत व्यापाऱ्याला जीएसटीची वजावट मिळते हे खरे. व्याज आणि दंड मात्र खिशातून जातात. घरातली जमा लावून धंदा करणाऱ्याला तेवढा धक्का पुरेसा असतो.

गंमत म्हणजे या मालात आपण घेणारे कमी आणि विकणारे मोठे आहोत. छोट्या लोणच्याच्या काकडीचा भारत जगातला सर्वांत मोठा निर्यातदार आहे. २०२०-२१ मध्ये २,२३,५१५ टन काकडी बाहेर गेली, ती मुख्यतः कर्नाटक, तामिळनाडू, आंध्र आणि तेलंगणच्या शेतांतली. आणि आंब्याच्या चटणीला युरोपच्या दरपत्रकात स्वतंत्र ओळ आहे, २००१ ९० १०.

कस्टमचा आकडा एक गोष्ट मात्र विचारत नाही, ती म्हणजे सिरका कशापासून केला. आपल्या घरात तोच पहिला प्रश्न असतो. सहीह मुस्लिममध्ये हजरत जाबिर (रजि.) यांच्या रिवायतीत पैगंबर (स.) यांनी सिरक्याची उत्तम सालन म्हणून तारीफ केल्याचे येते. त्यामुळे सिरक्याबद्दल शंका नाही. शंका आहे ती वाइनपासून केलेल्या सिरक्याची. हनफी मसलकात मद्याचे रूप पालटून सिरका झाला की तो हलाल, मग तो मुद्दाम केलेला असला तरी. शाफई मसलकात आपोआप झाला तरच. त्यात काही टाकून केला असेल तर नाही. महाराष्ट्रात देशावरची बहुतेक घरे हनफी, कोकणातली शाफई. सूससारख्या ठिकाणी दोन्ही एकाच मजल्यावर शेजारी असू शकतात. तेव्हा शेजारीण खाते म्हणून बरणी उचलू नये आणि ती खाते म्हणून तिला बोलूही नये. आपल्या आलिमांना विचारावे, पण विचारताना लेबल सोबत न्यावे.

लेबलावर 'वाइन व्हिनेगर' किंवा 'स्पिरिट व्हिनेगर' असे लिहिलेले असते. 'ॲसेटिक ॲसिड' किंवा २६० हा क्रमांक असेल तर नुसते आम्ल घातले आहे. २७० म्हणजे लॅक्टिक, ३३० म्हणजे सायट्रिक. नुसते 'व्हिनेगर' लिहून मोकळे होणारे उत्पादक आम्हाला पटत नाहीत. कशाचे ते लिहायला एक शब्द जास्त लागतो.

माल मागवणाऱ्यांनी हीच घटकांची यादी, आम्लाच्या टक्केवारीसह, उत्पादकाकडून लेखी घ्यावी आणि माल न्हावा शेवाला उतरण्याआधी कस्टम दलालाला दाखवावी. तरीही शंका राहिली तर मुंबईच्या कस्टम्स ॲडव्हान्स रूलिंग प्राधिकरणाकडे आधीच निर्णय मागता येतो. अर्जाची फी १०,००० रुपये आहे. दोन-चार खोक्यांसाठी ती परवडणार नाही. दरवर्षी रमजानला माल आणायचा असेल तर परवडते.