ऑटरहाउंडच्या रक्तातला दोष

पाणमांजरांच्या शिकारीसाठी इंग्लंडमध्ये शतकानुशतके पाळला गेलेला ऑटरहाउंड आज स्वतःच दुर्मीळ झाला आहे. 1978 मध्ये तिथे पाणमांजराला कायद्याचे संरक्षण मिळाले आणि या कुत्र्याचे कामच संपले. वर्षाला तीनशेपेक्षा कमी पिल्लांची नोंद होणाऱ्या ब्रिटिश जातींच्या यादीत तो आहे, तोही पार तळाशी.

स्वभावाने मात्र हा कुत्रा घरातल्या माणसांत रमणारा. दिसायला विस्कटलेला, आवाज गडगडाटी, पण मुलांशी प्रेमळ. त्याचे वजन 35 ते 50 किलो असल्याने लाडात येऊनही तो लहान मुलाला सहज पाडतो, एवढे लक्षात ठेवावे. वास लागला की हाका ऐकू येत नाहीत, म्हणून फिरवताना दोरी हवीच. दाट केस आठवड्याला विंचरावेत, आणि पोहून आल्यावर लोंबते कान कोरडे करावेत. नाहीतर कानात जंतुसंसर्ग होतो.

डॉक्टरांच्या दृष्टीने त्याचे रक्त अधिक महत्त्वाचे. या जातीत ग्लांझमान थ्रॉम्बॅस्थेनिया हा आनुवंशिक आजार आढळतो. रक्तातल्या प्लेटलेट्सची संख्या पुरेशी असते, पण त्या एकमेकींना चिकटत नाहीत. त्यामुळे रक्तस्राव लवकर थांबत नाही. हाच आजार माणसांतही होतो. स्विस बालरोगतज्ज्ञ ग्लांझमान यांनी 1918 मध्ये त्याचे वर्णन केले. आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आले तरच तो होतो, म्हणून नात्यातल्या लग्नांत त्याचा धोका वाढतो. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आपल्याकडेही आहेच.

ऑटरहाउंड इतके थोडे उरले आहेत, की जवळजवळ सगळेच एकमेकांचे नातेवाईक! मग सदोष जनुक असलेले सगळेच कुत्रे पैदाशीतून काढावेत काय? तसे केले तर जात आणखी आक्रसेल आणि दुसरे दोष वर येतील. एकच सदोष जनुक असलेला वाहक कुत्रा स्वतः निरोगी असतो. जनुकीय चाचणीने तो ओळखता येतो. दोन वाहकांच्या प्रत्येक पिल्लाला आजाराचा धोका 25 टक्के असतो. वाहकाची जोडी निर्दोष कुत्र्याशी लावली तर एकही पिल्लू आजारी होत नाही.

पिल्लू घेणाऱ्याने आई-वडील दोघांच्या चाचणीचा अहवाल मागावा. दात येताना हिरड्यांतून, किंवा नाकातून, रक्त येत राहिले तर पशुवैद्यांना दाखवावे. अ‍ॅस्पिरिनसारखी गोळी घरच्या घरी मुळीच देऊ नये. तिने उरलीसुरली प्लेटलेट्सची ताकदही जाते.